तळाला भोक नसतं

पुष्पानं एकच अट घातली होती:
डिसेंबरात गार पाण्यानं अंघोळ करायला
मी तुमच्या बोटीवर येणार नाही.
बाकी सगळं चालणार होतं तिला,
डुलणारी कॉट, डिझेलचा वास,
सावरगावच्या काठाला रात्रभर ओरडणाऱ्या टिटव्या.

म्हणून शालिमारला दुकानं पालथी घातली,
खिशात एक जुनी लग्नपत्रिका, तिच्या पाठीवर मापं:
मोरी अडीच बाय अडीच.
उंची, टोपी काढून, माझ्याएवढी.

पहिल्यानं सहा लिटरचा काढला.
आत तांब्याची गुंडाळी, खाली दोन जाड सेल,
नळ सोडला की आपोआप ठिणगी.
मी विचारलं, दाब किती लागतो?
टाकी कितव्या मजल्यावर आहे, काका?
टाकी माझ्या डोक्यावर, म्हटलं, आणि मजला हलतो.
त्यानं बिलबुक मिटलं.

दुसऱ्याकडे साठवणीचा होता, वीस लिटर.
भरून भिंतीला टांगायचा.
मी तिथंच उभ्या उभ्या मनातली बोट कलती करून पाहिली:
पुष्पाची कॉट वर गेली.

बंब घ्या ना मग, तिसरा म्हणाला, आणि हसला.
मी हसलो नाही. मी खरंच उचलून पाहिला.
वजन सोसलं असतं.
पण निखारे, लाकडी फळ्यांवर, वाऱ्यात.

चौथं दुकान नव्हतंच.
अंबडला पत्र्याच्या टपरीत इस्माईल तांबोळी
एक गिझर पोट फाडून बसला होता.
पत्रिका त्यानं दोन्ही बाजूंनी वाचली, वधूवरांसकट.
मग विचारलं, मोरीला खालून हवा आहे?
म्हटलं, बोटीला खालून भोक पाडू?
दोघंही खूप हसलो.
आधी तो थांबला.

गॅस जड असतो, साहेब. हवेपेक्षा.
पाण्यासारखा खाली जाऊन बसतो.
घरात त्याला उंबरा आहे, जाळी आहे, जिना आहे.
तुमची बोट म्हणजे भांडं.
पाणी सांडलं तर दिसतं, उपसता येतं.
हे कशानं उपसाल?

आणि नीट जळला तरी हवा खातोच,
असं म्हणत त्यानं पान्ह्यानं
समोरच्या काळ्या गुंडाळीवर दोनदा वाजवलं.
हा सिडकोतनं आला. खिडकी लावून घेतली होती, थंडी म्हणून.
पोरगी वाचली. दार पातळ होतं.
गिझर परत नको म्हणाले.

मी चहा घेतला नाही, की घेतला, आठवत नाही.
अकरा महिने मी त्या बोटीचा एकेक सांधा बुजवला होता.
अमावास्येला आत दिवा लावून
बाहेरून बॅटरी न घेता चक्कर मारली होती,
कुठून उजेड गळतो का ते बघत.
कुठूनच गळत नव्हता.
त्या रात्री मी स्वतःला जिलबी घेऊन दिली होती.

आता गिझर बाहेर आहे, मागच्या फळीवर, इंजिनापासून दूर.
सिलिंडर उघड्या खोक्यात,
खोक्याच्या तळाला इस्माईलनं पाडलेली दोन भोकं
थेट धरणावर.
एक छोटा पंप, चारचाकीच्या बॅटरीवर.
ताडपत्रीचा आडोसा तीन बाजूंनी. वर काही नाही.

पहिल्या सकाळी वारा गंगापूरकडून आला
आणि ज्योत टिकू देईना.
टिक टिक टिक. धरायची, जायची.
पुष्पा शाल लपेटून पाटावर बसून होती,
रिकाम्या बादलीत हात घालून, जणू ती तापणार होती.
मी म्हटलं, आत जा, काकडशील.
ती म्हणाली, बसते.

चौथ्यांदा धरली. निळी, बारीक, हट्टी.
ताडपत्रीवरून वाफ निघाली आणि
पाण्यावरच्या धुक्यात कुठं मिसळली कळलं नाही.
साबण देऊ का? मी पाठ करून विचारलं.
नको, आतून आवाज,
हे पाणी उद्या नाशिक पिणार.
मग बराच वेळ नुसता तांब्या,
भरायचा, ओतायचा.
मग:
तुमच्यासाठी ठेवू थोडं?